जनता हजर आहे

"ऊठ गं गादीवाले, चल, जनता व्हायचंय," असं म्हणत शिपाईमामा तळघराच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा ती अध्यक्षांच्या खुर्चीची गादी उसवून बसली होती. जुना कापूस एका बाजूला, नवा एका बाजूला आणि मधे रिकामी खोळ.

"आत्ता? ही गादी उघडी पडलीय, मामा."

"पडू दे. एक दिवस लाकडावर बसले तर अध्यक्ष झिजत नाहीत. चल, सभागृहात सगळे जमलेत आणि वर सज्ज्यात चिटपाखरू नाही."

ती हसली. सुई पदराला टोचली, हातातलं काम म्हणून एका खुर्चीच्या हाताचं फाटकं कव्हर उचललं आणि मामांच्या मागून जिना चढायला लागली. सभागृहात बसणारे लोक बोलून कमी आणि चुळबुळ करून जास्त गाद्या झिजवतात, त्यामुळे तिचं काम बारमाही. नाव कोणी विचारलं नव्हतं. गाद्या शिवते म्हणून गादीवाली, विषय संपला.

आता हे जनता होणं काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. तापाची साथ आली तेव्हा सभागृहानं घाईघाईनं एक कायदा केला. माणसं उभ्या उभ्या कोसळत होती, त्यामुळे घाई करणं चूक नव्हतं. त्या कायद्यानं सरकारच्या हातात जवळजवळ सगळं दिलं. रस्ते बंद करा, हॉटेलं ताब्यात घेऊन त्यात खाटा टाका, आजारी दिसला की उचला आणि वेगळा ठेवा. पण लिहिणाऱ्यांत एखादा तरी शुद्धीवर असावा, कारण एवढ्या मोकाट बैलाला त्यानं दोर बांधून ठेवले होते. कायद्याला मुदत होती. ती संपली की तो आपोआप मरणार. जगवायचा असेल तर सभागृहानं पुन्हा हात वर करायचे, आणि तेही चोरून नाही. दारं उघडी हवीत, वरच्या सज्ज्यात बाहेरचं माणूस हवं, निदान एक. आणि ज्यांना उचलून ठेवलंय त्यांची फेरतपासणी करायला एक मंडळ हवं. त्या मंडळानं सोडा म्हटलं की सोडायचं. त्याच्या सहीशिवाय कोणी सोडायचं नाही.

मुदतीचा दोर टिकला. सज्ज्याच्या दोराची गंमत झाली. त्याच कायद्यानं लोकांना घराबाहेर पडायला बंदी केली होती, मग सज्ज्यात येणार कोण, यमदूत? शिपाई चालत नाहीत, कारकून चालत नाहीत, ते सरकारी. शेवटी कोणाच्या तरी डोक्यात आलं की तळघरात एक बाई बसते, ती ठेक्यावरची आहे. कामाला आत, हिशेबात बाहेर. बसवा तिला. तेव्हापासून कायद्याची मुदत वाढवायची वेळ आली की मामा तळघरात यायचे, तिला वर नेऊन बसवायचे आणि कठड्यावरून ओरडायचे, "जनता हजर आहे!" की खाली पटापटा हात वर. एका कळकट पातळातली, दातांनी दोरा तोडणारी बाई म्हणजे अख्खी जनता. लाज वाटायला हवी होती. कोणाला वाटली नाही.

मंडळाचा दोर बांधायचा राहूनच गेला, आणि तिचा नवरा अडकला तो तिथे.

नवरा पेंटर. तसबिरी रंगवणारा नव्हे, पाट्या रंगवणारा. दुकानांची नावं, गल्ल्यांची नावं, "येथे थुंकू नका", "कुत्र्यापासून सावध". गावात डोळा फिरवाल तिथे त्याचं अक्षर. स्वभावानं मुखदुर्बळ. सगळं बोलणं ब्रशात गेलेलं, जिभेसाठी काही उरलं नव्हतं. एकदा ताप आला, पांढरी गाडी आली आणि त्याला डोंगरावरच्या आरोग्यगृहात घेऊन गेली. ताप लवकरच उतरला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हा माणूस ठणठणीत आहे. मग सोडा की! तर म्हणाले, सोडायचं मंडळानं. मंडळ कुठंय? बसायचंय. कधी बसणार? बसलं की कळवू.

झाडांची पानं गळली, नवी आली, तीही जून झाली. मंडळ बसलं नाही.

डोंगरावर त्याच्या वॉर्डात एकच फोन होता. वॉर्डबॉयची मर्जी असेल तेव्हा पेशंटांनी रांग लावायची. फोन आला की ती हातातलं टाकून धावायची. तिकडे खाटा सरकतायत, कोणी खोकतंय, मागचा माणूस "आटपा हो" म्हणतोय, आणि त्या सगळ्याच्या तळाशी नवऱ्याचा बारीक आवाज.

"ऐकू येतंय का गं?"

"येतंय, येतंय. बोला."

येत नसायचं. अर्धंमुर्धं कानावर पडायचं. पण 'काय म्हणालात' विचारत बसलं तर वेळ त्यातच जायचा, म्हणून ती नुसती हो हो करायची. फोन ठेवला की नणंद विचारायची, "काय म्हणाला दादा?"

"बरा आहे म्हणाले. तुमची आठवण काढली. जेवण बेचव असतं म्हणाले."

सगळं मनचं. माणूस तिकडे बोलायचा आणि ही इकडे त्याचं बोलणं शिवून काढायची, फाटक्याला ठिगळ लावल्यासारखं.

मागच्या फोनला मात्र काही वेगळंच झालं. तो म्हणाला, "अगं, एक सांगायचं होतं तुला. बरेच दिवस." मग आवाज खाली गेला, मागे कोणीतरी भांडं आपटलं, आणि तो बोलत राहिला. एवढं लांबलचक तो आयुष्यात बोलला नव्हता. तिला एक शब्द लागला नाही. सवयीनं तोंडून गेलं, "हो हो. कळलं."

तो म्हणाला, "कळलं ना? मग बरं झालं." आणि फोन कट.

तेव्हापासून ती झुरत होती. काय होतं ते? दुखतंय कुठे? घराचं काही? की माणूस निरोप घेत होता आणि हिनं हो हो म्हटलं? खाटेवर पडलं की छतात तोच आवाज. शब्द नसलेला, नुसता आवाज.

"विचार की पुढच्या वेळी," नणंद म्हणाली. ती तापाच्या दवाखान्यात नर्स होती, कामावरून आली की हात धुऊन धुऊन कातडं सोलून घ्यायची.

"कळलं म्हटलं ना मी, वन्सं. आता कोणत्या तोंडानं विचारू?"

"याच तोंडानं. देवानं दुसरं दिलंय का तुला?"

"मरो तो कायदा. आग लागो त्याला."

"असं नको म्हणू, वहिनी." नणंद एकदम थकल्यासारखी बोलली. "तो कायदा नसता तर हॉटेलवाल्यांनी आमचे पेशंट फुटपाथवर काढले असते. ऑक्सिजनच्या गाड्या त्याच कायद्यानं अडवून आणतो आम्ही. शिव्या घाल, चार माझ्याही घाल. पण उद्या तो उठला तर परवा माझ्या वॉर्डात माणसं मरतील. आणि दादाला डांबून ठेवणारे तेच, हेही खरं. दोन्ही खरं आहे, त्याला मी काय करू?"

इतकं सगळं असताना ती सज्ज्यात जनता म्हणून का जायची? कोणी जबरदस्ती केली नव्हती. कारण लहानसं होतं, आणि ते तिनं नणंदेलासुद्धा सांगितलं नव्हतं. सज्ज्याच्या भिंतीवर नवऱ्यानं रंगवलेला बोर्ड होता.

तरुणपणी मिळालेलं काम. पांढऱ्यावर निळी अक्षरं. वरच्या दोन ओळी ऐसपैस: प्रेक्षकांनी बोलू नये. टाळ्या वाजवू नयेत, खुणा करू नयेत. पुढचं वाक्य मात्र लांब, आणि फळी संपत आलेली. मग त्यानं शेवटची ओळ दाटीवाटीनं कोंबली होती, गर्दीत खांदा घालून घुसल्यासारखी. त्या ओळीची त्याला कायम लाज. किती वेळा म्हणाला होता, "एकदा जाऊन ती ओळ नीट करून यायला हवी गं." घरातल्या पाट्या विकल्या गेल्या होत्या, कामाच्या पासावर सरळ यायचं-जायचं, रस्त्यावरच्या पाट्या बघत हिंडायला बंदी. त्याच्या हाताचं म्हणून जवळ जाऊन बघता येईल असं उरलं होतं ते एवढंच. तिथे बसून ती शिवत राहायची, मधूनच मान वर करून त्याच्या 'क्ष'ची शेपटी बघायची. ती शेपटी तो नेहमी जरा जास्तच ओढायचा. खाली कोण काय बोलतंय, तिला काडीचं देणंघेणं नव्हतं. मामा ओरडले की समजायचं, आता उठायचं.

त्या दिवशीही ती तशीच बसली. उघड्या दारातून वारा येत होता. खाली आरोग्यमंत्री कागद वाचत होते, गोगलगाय भिंतीवर चढावी तसे. अध्यक्ष लाकडावर बसून एकदा या कुशीला, एकदा त्या कुशीला होत होते. तिला हसू आलं.

मग विरोधी बाकावरची डॉक्टरीणबाई उठली. बुटकी, केस पिकलेली, आवाज मात्र खणखणीत. "अध्यक्षमहाराज, डोंगरावरच्या आरोग्यगृहात बरी झालेली माणसं अजून खाटेवर आहेत."

गादीवालीची सुई थांबली.

"मी कायद्याच्या विरोधात नाही," डॉक्टरीणबाई बोलत होती. "मीही तापाचे पेशंट बघितलेत. कायदा हवा. पण त्याच्यावर नजर ठेवणारं कोणी हवं की नको? मंडळ नेमू, असं मंत्र्यांनी दर मुदतवाढीला सांगितलं आणि दर वेळी या सभागृहानं त्या शब्दावर हात वर केले. सगळं कायदेशीर! दारं उघडी होती, सज्ज्यात जनता हजर होती. त्या जनतेनं प्रत्येक वेळी हे ऐकलं आणि चूपचाप उठून गेली. मग आम्ही भांडायचं कोणाच्या जिवावर?"

खालच्या दोनचार माना वर वळल्या, सज्ज्याकडे. तिथे दुसरं कोणी नव्हतं.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. दर वेळी. म्हणजे ती इथे बसली होती, त्याच्या 'क्ष'ची शेपटी बघत, आणि तिच्या बसण्यानं खाली त्याची मुदत वाढत होती. त्याच्या आठवणीनं येऊन बसली आणि त्यालाच कडी घालून गेली. बाहेरून. स्वतःच्या हातानं.

ती उठली. कव्हर, दोरा सगळं तिथेच टाकून दाराकडे निघाली.

मामा आडवे आले. "कुठे?"

"घरी."

"घरी? चर्चा संपत आलीय! आज दिवे लागायच्या आत हात वर झाले नाहीत तर कायदा खलास. बस खाली."

"होऊ दे खलास. मामा, माझा माणूस वर डोंगरावर आहे."

मामांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "पेंटर? अजून? मला वाटलं, केव्हाच आला असेल."

"सगळ्यांना तसंच वाटतं. सरका."

मामा सरकले नाहीत, पण त्यांनी हातही लावला नाही. हळूच म्हणाले, "बाई, माझी सून दवाखान्यात आहे. श्वास लागतो तिला. नळीवर आहे. तू गेलीस तर मी तुला अडवू शकत नाही, अडवलं तर ती जनता राहत नाही, कैदी होते. नियमच आहे तसा. पण दुसरं माणूस मी आता कुठून आणू?"

पायरीवर एक पाय, आत एक पाय, अशी ती उभी राहिली. नणंदेचे सोललेले हात डोळ्यांपुढे आले. दोन्ही खरं आहे, त्याला मी काय करू? गेली तर नळीवरची माणसं जाणार, बसली तर नवरा जाणार. जनतेला दोनच कामं ठेवली होती भडव्यांनी, बसायचं नाहीतर चालतं व्हायचं.

रडू येऊ नये म्हणून तिनं मान वर केली, आणि समोर तो बोर्ड. वरच्या दोन ऐसपैस ओळी, आणि खाली ती कोंबलेली, लाजिरवाणी ओळ. नवऱ्यानं घरी दहादा म्हणून दाखवलेली, स्वतःला शिव्या घालत. बारीक अक्षरामुळे कोणी वाचत नव्हतं. तिला पाठ होती. फक्त तिचा अर्थ कधी अंगाला लागला नव्हता.

खालचे ऐकू आले नाही तर तेवढे मात्र उभे राहून सांगावे.

ती परत आली. बसली नाही. कठड्याला हात टेकून उभी राहिली.

खाली मंत्री उत्तराला उठले होते. "फेरतपासणी मंडळाच्या स्थापनेची बाब शासनाच्या सक्रिय विचाराधीन असून यथावकाश उचित कार्यवाही करण्यात येईल."

"ऐकू आलं नाही," गादीवाली म्हणाली.

आवाज तिचा तिलाच परका वाटला. अध्यक्षांनी आधी बाकांकडे बघितलं, मग छताकडे. "कोण बोललं?"

"जनता बोलली, साहेब," मामा दारातून म्हणाले.

कोणीतरी फिसकन हसलं. अध्यक्ष लाल झाले. "प्रेक्षकांनी बोलायचं नसतं!" पण सभागृहाचे सचिव उठून त्यांच्या कानाला लागले. म्हातारा नियमाचा किडा होता. तो काय कुजबुजला ते अध्यक्षांच्या पडलेल्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळलं. जनतेला ऐकू आलं पाहिजे. आलं नाही म्हणाली तर पुढे जाता येत नाही. गेलो तर सगळं काम रद्द.

"मंत्रिमहोदय, पुन्हा वाचा. जरा मोठ्यानं."

मंत्र्यांनी माइक ओढला. "सक्रिय विचाराधीन असून यथावकाश—"

"ऐकू आलं नाही."

माइक बदलला. शिपायांची पळापळ. नव्या माइकानं शिट्टी मारली, सगळ्यांनी कानात बोटं घातली. मंत्री आता एकेक शब्द सुटा करून म्हणाले, लहान पोराला घास भरवावा तसे. "य-था-व-का-श."

"ऐकू आलं नाही."

"बाई, तुम्ही बहिऱ्या आहात का?" मंत्री भडकले.

याचं उत्तर देणं म्हणजे बोलणं झालं असतं, आणि बोलायला बंदी होती. बोर्डावर स्पष्ट लिहिलं होतं, तिच्याच नवऱ्यानं. म्हणून ती जेवढं म्हणता येत होतं तेवढंच म्हणाली, "ऐकू आलं नाही."

आता मागचे बाक मोकळेपणानं हसायला लागले, सरकारी बाजूचेसुद्धा. तिला हसू येत नव्हतं. तिनं कठडा घट्ट धरला होता. आयुष्यभर ती ऐकू आलं म्हणत आली होती. न आलेलं ऐकू आलं म्हटलं, आणि एक माणूस अख्खा हातातून निसटला. आता आलेलं ऐकू आलं नाही म्हणत होती, आणि मोठमोठे लोक घामाघूम होत होते. एवढं सोपं होतं? मग ती फोनवर का नाही म्हणाली?

खिडकीबाहेर ऊन उतरायला लागलं होतं. अध्यक्षांची अवस्था वाईट होती. लाकडानं सूड घ्यायला सुरुवात केली होती. ते दोन्ही हातांवर भार देऊन अर्धवट उचललेले बसले होते, उडू पाहणाऱ्या कोंबड्यासारखे.

"अहो, साध्या भाषेत सांगून टाका ना एकदाचं," ते मंत्र्यांवर खेकसले. "मला इथे बसवत नाही."

"साध्या भाषेत सांगायचं तर," मंत्र्यांनी कागद खाली टाकला, "मंडळ नेमलेलं नाही! झालं समाधान?"

इतक्या मुदतवाढीत पहिल्यांदा त्या सभागृहात खरं वाक्य उच्चारलं गेलं. कोणी हसलं नाही.

"ऐकू आलं नाही," सज्ज्यातून आवाज आला. या वेळी हळू.

डॉक्टरीणबाई उठली. तिनं वर बघितलं, त्या बाईचा चेहरा बघितला, आणि तिला सगळं समजलं असावं. "अध्यक्षमहाराज, मंडळ कधी नेमणार ती तारीख मंत्र्यांनी सांगितली असेल. तेवढीच बाईंना ऐकू आली नसेल. खरं सांगायचं तर मलाही नाही आली."

"मलाही नाही," मागून कोणीतरी म्हणालं, आणि तो सरकारी बाक होता.

मंत्र्यांनी खिडकीकडे बघितलं. ऊन आता शेवटच्या बाकावर पोचलं होतं. कायदा पडला तर उद्या त्यांच्या नावानं शिमगा. ते म्हणाले, "येत्या सोमवारी मंडळ बसेल."

"कायद्यात घाला," डॉक्टरीणबाई लगेच म्हणाली. "सोमवारी बसलं नाही तर डोंगरावरची दारं मंगळवारी आपोआप उघडतील, हेही घाला. नाहीतर सोमवार खूप येतात."

घासाघीस झाली, आवाज चढले, सचिवांनी दुरुस्ती वाचली. अध्यक्षांनी वर बघितलं. त्यांच्या नजरेत राग होता आणि जराशी भीतीही. "आता ऐकू आलं का?"

तिनं नवऱ्याच्या ओळीकडे एकदा बघून घेतलं.

"आलं."

"जनता हजर आहे!" मामा ओरडले. नेहमीपेक्षा मोठ्यानं, आणि मधेच आवाज फाटला. हात वर झाले.

दुसऱ्याच दिवशी तिचा ठेका गेला. कारण कळवलं नाही. अध्यक्षांची गादी तशीच उघडी राहिली, आणि ऐकिवात आहे की ती पुढेही बरेच दिवस कोणाला शिवता आली नाही. पुढच्या मुदतवाढीला त्यांनी दुसरी जनता शोधून आणली, एक मवाळ म्हातारा, दाढीवाला. पण मामांनी म्हणे त्या म्हाताऱ्याला आधी त्या बोर्डाच्या भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि चष्मा पुसून दिला.

मंडळ सोमवारी बसलं. बसावंच लागलं. तीन माणसं, एक टेबल, आणि एवढ्या कामाला लागला तरी किती वेळ? तासाभरात पहिले दहा जण मोकळे. इतक्याशा कामासाठी इतकी माणसं इतका काळ डांबून ठेवली होती. नवऱ्याच्या शेजारच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमन होता, बरा झालेला, रोज चपला घालून तयार बसणारा. तो आदल्या पंधरवड्यात गेला, तापानं नाही, वाट बघून. त्याच्या मरणाची नोंद कोणत्या रकान्यात केली असेल कोण जाणे. वाट बघण्याचा रकाना सरकारकडे नसतो.

नवऱ्याची पाळी आली त्या दिवशी, न्यायला येणाऱ्याला मिळणारा पास घेऊन, ती पहाटेच डोंगराच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. नणंदेला सुट्टी मिळाली नाही. तिनं भावासाठी धुतलेला शर्ट दिला होता. फाटकापलीकडे लांब वाट होती. त्या वाटेनं माणसं एकेकटी येत होती, काही हळू, काही पळत. फाटकाजवळ माणसं एकमेकांना बघून थबकत होती, ओळखीचंच माणूस आहे ना याची खात्री करत.

तो आला. वाळला होता. हातात एक पिशवी, आणि बोटांना सवय म्हणून हवेतच काहीतरी गिरवत होती. फाटकाशी थांबला. पहारेकरी कागद बघेपर्यंत दोघांमधे गज होते.

"आलीस?" तो म्हणाला.

"आले." मग तिला धीर धरवेना. बरं आहे का, जेवलात का, यातलं काहीच तिनं विचारलं नाही. "अहो, फोनवर काय सांगत होतात तुम्ही? त्या दिवशी? एक सांगायचं होतं म्हणालात."

त्याचा चेहरा पडला. "तू कळलं म्हणालीस की."

"खोटं बोलले. एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. त्या दिवशी नाही, त्याच्या आधी पण नाही."

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग पहारेकऱ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या चपलांकडे. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. या वयात. "काही नाही गं. तेच, तुझं मशीन. रात्री तू शिवत बसायचीस आणि मी ओरडायचो ना, बंद कर ती खडखड, झोपू दे म्हणून." त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तिथे त्या खडखडीवाचून झोपच लागली नाही मला. एक दिवस नाही. तेवढंच सांगायचं होतं."

वारा नव्हता. मागे कोणी खोकत नव्हतं. शब्द न् शब्द लख्ख ऐकू आला होता, आणि तिच्या छातीत जाऊन बसला होता.

तिनं गजांमधून हात घालून त्याची गिरवणारी बोटं धरली.

"ऐकू आलं नाही," ती म्हणाली.

पेंटरनं खाकरून घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, जरा मोठ्यानं.